‘मला काय झालं?’ : सोल्युशन ओढणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याचा हिशेब मांडायला त्याने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘काय मिळतं’, उजवीकडे ‘काय जातं’. आठवीत शाळा सुटल्यापासून हातात पेन्सिल आली नव्हती, त्यामुळे वेळ लागला. पण डावा रकाना भरत गेला. भूक कळत नाही. थंडी वाजत नाही. झोप लागते. उंदरांची भीती जाते. शेठ ओरडला तरी हसू येतं. पोरं जवळ बसवतात. कानात भुंगा वाजतो, मजा येते. वेळ जातो. हात दुखत नाहीत. राग येत नाही. आणि शेवटी, जरा बारीक अक्षरात : बाबा दिसतात.

उजवीकडे चारच ओळी होत्या. नाकाखाली फोड येतात. पैसे जातात. माय रडते. वास येतो म्हणून शेअर रिक्षात बसू देत नाहीत.

अकरा आणि चार. आजार किंवा मरण यांचा पानावर कुठेही उल्लेख नव्हता. तोवर मी त्याला तीन वेळा भेटले होते आणि तिन्ही वेळा आजार आणि मरण याच दोन गोष्टी सांगितल्या होत्या.

मुलगा पंधरा वर्षांचा. मानखुर्द-गोवंडी पट्ट्यातली वस्ती, कुटुंब मूळ जालन्याकडचं. वडील बिगारी काम करायचे. तो अकरा वर्षांचा असताना ते गेले. आई चार घरची धुणीभांडी करते. घर दहा बाय दहाचं, त्यात आई, दोन बहिणी, आजी आणि मामा. म्हणून तो भंगारच्या दुकानातच एका फळीवर झोपतो. दिवसभर वायरी सोलून तांबं वेगळं करतो. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आणखी एका मुलाच्या काही गोष्टी याच्यात मिसळल्या आहेत. तो जे बोलला ते मात्र शक्यतो त्याच्याच शब्दांत ठेवलं आहे. मी वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत समुपदेशक म्हणून काम करते. या मुलाशी माझा संबंध सात महिन्यांचा.

सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढताना लावतात ते सोल्युशन तो ओढायचा, ते नसेल तेव्हा रंगाचं थिनर. दोन्हींत टोल्युईनसारखी द्रावकं असतात. ती श्वासावाटे थेट मेंदूत पोचतात. नशा लगेच चढते, थोड्या वेळात उतरते आणि पुन्हा ओढावंसं वाटतं. भंगारच्या धंद्यात, गॅरेजमध्ये, रंगकामात या वस्तू हाताशीच असतात. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा त्यांना लागू होत नाही, त्यामुळे दुकानदार पोराला ट्यूब विकतो तेव्हा आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटत नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. मुलांमधलं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला नशेचा एकच प्रकार त्यात सापडला, तो म्हणजे हुंगायच्या पदार्थांचा. 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, मोठ्यांमध्ये 0.58 टक्के. ज्या राज्यांत मदतीची गरज असलेली मुलं सर्वाधिक आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे.

या मुलाला मात्र आपण नशा करतो हेच मान्य नव्हतं.

‘नशा म्हणजे गर्दुल्ले करतात ती,’ तो म्हणाला. ‘मी सोल्युशन मारतो.’

हा फरक त्याने एकट्याने शोधलेला नाही. 1980 च्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर पसरली. लोक तिला गर्द म्हणायला लागले आणि ती ओढणाऱ्याला गर्दुल्ला. त्याच लाटेत पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. इतकी वर्षं गेली, तरी वस्तीतल्या पोरांच्या डोक्यात बरबादीचं माप अजून तेच आहे : पुलाखाली पडलेला, दाढी वाढलेला, अंगावर जखमा असलेला माणूस. आपण तसे दिसत नाही तोवर आपलं ठीक चाललंय. या मापाला धरून त्यांनी एक शिडी लावली आहे. सोल्युशन हे ‘लहान पोरांचं’. गांजा ‘शंकराचा’. बटन, म्हणजे झोपेच्या गोळ्या, हे ‘औषधच आहे, डॉक्टर देतात’. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ‘पैसेवाल्यांचं’. सगळ्यात खाली गर्द आणि सुई. प्रत्येक मुलगा आपल्या खालच्या पायरीकडे बोट दाखवतो. वैद्यकीय दृष्टीने ही शिडी चुकीची आहे. सोल्युशनने पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं. पण वस्तीत आठ-दहा वर्षांची पोरंही रुमाल नाकाला लावताना दिसतात, आणि जे लहान पोरं करतात ते धोक्याचं कसं असेल, असा हा सरळ हिशेब आहे.

पहिल्या वेळेबद्दल मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की डोकं भयंकर दुखलं, उलटी झाली, पुन्हा करायचं नाही असं ठरवलं होतं. मग? ‘मोठ्या पोरांनी सांगितलं, असंच होतं पहिल्यांदा. उलटीकडे लक्ष देऊ नको. कानात भुंगा वाजतो ना, तो ऐक. तीच मजा.’ दुसऱ्या वेळी त्याने भुंगा ऐकला. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1953 मध्ये मारिजुआना म्हणजे गांजा ओढणाऱ्या पन्नास जणांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं : नशेचा परिणाम नुसता अंगात होत नाही, तो ओळखायला आणि त्याला आनंद म्हणायला शिकावं लागतं, आणि शिकवणारे जुने गडी असतात. सोल्युशनला हे सगळंच्या सगळं लागू होतं असं मी म्हणणार नाही, त्यात गुंगी शिकवावी लागत नाही. पण उलटी सोडून भुंग्याकडे लक्ष द्यायला याला कोणीतरी शिकवलं होतं. ज्या शरीराने पहिल्याच दिवशी ‘नको’ म्हटलं, त्याचं न ऐकण्याची ही शिकवणी होती, आणि ती देणारे त्याच्याशी दिवसभरात प्रेमाने बोलणारे एकमेव लोक होते.

26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. त्या निमित्ताने वस्तीत पोस्टर लागले : कवटी, काळी पडलेली फुप्फुसं, हातकडी. एका कार्यक्रमात मुलांना बसवून सांगितलं गेलं की एकदा घेतलं की माणूस संपतो. मीही तिथे होते, मान डोलावत. नंतर तो म्हणाला, ‘ताई, ते चित्र खोटं आहे. मी दोन वर्षं मारतो. मला काय झालं?’

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात ठेवला, कारण तो उर्मटपणे विचारलेला नव्हता. त्याच्याकडे दोन वर्षांचा पुरावा होता, आमच्याकडे एक चित्र. आणि ते चित्र त्याच्या पदार्थाचं नव्हतंच. किशोरवयीन मुलांना आपण अमर आहोत असं वाटतं, धोका कळत नाही, असं आपण धरून चालतो. व्हॅलेरी रेना आणि फ्रँक फार्ली यांनी 2006 मध्ये यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. बऱ्याच बाबतींत मुलं धोका असतो त्याहून जास्तच धरतात, आणि तरीही पाऊल टाकतात, कारण समोरच्या फायद्याचं वजन त्यांना जास्त वाटतं. आपण धोका आणखी फुगवून सांगतो. तो फुगा पहिल्याच अनुभवात फुटतो आणि त्याच्यासोबत आपल्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचा विश्वासही जातो.

याउलट मुलांचं स्वतःचं ज्ञान काही ठिकाणी आश्चर्य वाटावं इतकं नेमकं असतं. आदल्या वर्षी शेजारच्या गल्लीतला एक सतरा वर्षांचा मुलगा गेला होता. मोठी माणसं म्हणाली हार्ट अटॅक, कोणी म्हणालं बाहेरचं काहीतरी. मी या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘तो मारून बसला होता, वॉचमन आला, तो पळाला. मारल्यावर पळायचं नसतं. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे.’

त्या मुलाचा मृत्यू नेमका कशाने झाला हे मी सांगू शकत नाही. पण 1970 मध्ये मिलार्ड बास या अमेरिकी डॉक्टरने अशाच 110 अचानक मृत्यूंची नोंद केली होती. द्रावकाच्या वाफेने हृदय घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या अड्रिनॅलिनला फार संवेदनशील होतं. त्यात भीती किंवा धावपळ झाली की ठोके बिघडतात आणि मूल काही मिनिटांत जातं. पोरांनी कोणाच्याही मदतीशिवाय, मेलेल्या दोस्ताकडे बघून, त्यातला अर्धा नियम बांधला होता. उरलेला अर्धा त्यांना माहीत नव्हता : शांत बसलेल्यालाही हे होऊ शकतं. ‘पळायचं नाही’ हा त्यांचा सुरक्षिततेचा मंत्र झाला होता, आणि तो पाळला की बाकी चालतं, असा अर्थही. मी वस्तीतल्या शिपायांना आणि वॉचमनना तेव्हापासून एक गोष्ट हात जोडून सांगते, की रुमाल घेऊन बसलेल्या पोराच्या मागे ओरडत धावू नका. लांबून हाक मारा, बसू द्या, खिडकी-दार उघडं ठेवा, शुद्ध हरपली तर 108 ला फोन करा.

‘कधीही सोडू शकतो’ हे वाक्य प्रत्येक मुलाकडून ऐकायला मिळतं. याच्याकडे त्याचाही पुरावा होता. आजीबरोबर गावी जत्रेला गेला तेव्हा अकरा दिवस त्याने हात लावला नाही आणि त्रासही झाला नाही. मुंबईत उतरल्यावर त्याच संध्याकाळी घेतलं. त्याने अकरा दिवसांचा अर्थ लावला ‘माझा कंट्रोल आहे’. मला त्यात दुकानाचा वास, पोरांची हाक आणि रात्रीची ती फळी नसलेले अकरा दिवस दिसले. मी तसं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की गावी झोप कुठे लागायची? ‘अंगणात. आजीजवळ.’ बराच वेळ तो काही बोलला नाही.

आईचं म्हणणं वेगळं होतं. ‘ताई, त्याला वळण नाही. बाप असता तर ठोकून काढला असता.’ तिने त्याला एकदा एका बाबा-बुवाकडे नेऊन दोरा बांधून आणला होता, एकदा शेजाऱ्यांसमोर मारलं होतं. ती दुष्ट नव्हे. दिवसाला बारा तास राबून आलेल्या बाईला मुलाच्या तोंडाला थिनरचा वास येतो, तेव्हा तिला काय वाटत असेल, याचा विचार करून मी तिला काही शिकवायला गेले नाही. फक्त एवढं मागितलं, की तो वासासकट घरी आला तरी त्याला आत घ्या.

पाचव्या महिन्यात एका सकाळी त्याला फळीवरून उठता येईना. पाय उचलतच नव्हते. शेठने घाबरून आईला बोलावलं, पालिकेच्या रुग्णालयात नेलं. रक्तात पोटॅशियम दोनच्या आसपास निघालं, असायला हवं साडेतीन ते पाच. टोल्युईन शरीरात मोडताना मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, मग स्नायू ढिले पडतात. फार खाली गेलं तर श्वास आणि हृदयही थांबतं. सलाईनमधून पोटॅशियम दिलं, दोन दिवसांत तो चालायला लागला.

मागे वळून बघताना त्याला आठवलं की तीन-चार महिने जिना चढताना पाय जड व्हायचे. ‘मला वाटलं काम जास्त झालंय.’ इथे मला पहिल्यांदा त्याच्या ‘मला काय झालं?’ला उत्तर देता आलं. सांगू का, असं विचारून, त्याच्याच वहीत मूत्रपिंडाचं चित्र काढून. घाबरवण्याचं एकही वाक्य मी बोलले नाही. त्याने नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले. मी समाधानाने घरी गेले.

आठवड्याने कळलं की त्याने पोरांना सांगितलंय : मारायच्या आधी दोन केळी खायची, मग पाय जात नाहीत. केळ्यात पोटॅशियम असतं हे मीच बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. माहिती मी त्याला धोका म्हणून दिली, त्याने ती उपाय म्हणून घेतली. यात त्याचा मूर्खपणा नाही. ज्याच्या डाव्या रकान्यात अकरा गोष्टी आहेत, तो कोणतीही नवी माहिती त्या अकरा गोष्टी वाचवण्यासाठीच वापरणार. मी त्याला परत गाठलं आणि सांगितलं की केळ्याने हे भरून निघत नाही, आणि केळी खाल्ली तरी मेंदूवरचा, हृदयावरचा परिणाम थांबत नाही. त्याने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

पटलं ते दुसऱ्याच ठिकाणी. त्याचा मामा बेंजो पार्टीत हलगी वाजवतो. आजोबाही वाजवायचे, गावी लग्नात, जत्रेत. हा लहानपणापासून मामाच्या मांडीवर बसून शिकलेला, आणि पार्टीत त्याला कधीमधी जागा मिळायची. एक ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीची मिरवणूक होती. तालमीत मामाने त्याला थांबवलं. नंतर तो मला म्हणाला, ‘ताई, ठेका सुटतो. डोक्यात बरोबर असतो, हातात येईस्तोवर मागे पडतो. आधी असं नव्हतं.’

टोल्युईनचा सर्वांत वाईट मारा मेंदूतल्या पांढऱ्या भागावर आणि लहान मेंदूवर होतो, जिथून हालचालींचा तोल आणि वेळ सांभाळली जाते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तोवर मी ते कधी ठेक्याशी जोडलं नव्हतं, कारण हलगीबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. मी फुप्फुसं, मूत्रपिंड, मरण असं सगळं विचारत राहिले. हा मुलगा स्वतःला ज्या गोष्टीने ओळखत होता, तिच्यावर काय परिणाम झालाय, हे त्याचं त्यानेच पकडलं.

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. मामाच्या मोबाइलवर दर रविवारी तोच एक ठेका वाजवून रेकॉर्ड करायचा, आणि त्या आठवड्यात किती दिवस मारलं ते वहीत लिहायचं. खोटं लिहिलं तरी चालेल, मी तपासणार नाही, असं सांगितलं होतं. चौथ्या रविवारी त्याने मामाला दोन रेकॉर्डिंग ऐकवली आणि विचारलं, ‘कोणत्या आठवड्यात कमी मारलं सांग.’ मामाने बरोबर ओळखलं. त्या दिवशीचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

याला कोणी यश म्हणू नये. गणपतीच्या दहा दिवसांत तो मंडळाच्या पोरांबरोबर होता आणि रोज घेतलं. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 मध्ये दाखवलं होतं की मुलं एकटी असताना जितका धोका घेतात, त्याहून बराच जास्त दोस्त बाजूला असताना घेतात. वहीत ते दहा दिवस त्याने स्वतः नोंदवले, खाडाखोड न करता. विसर्जनानंतर आठवड्याला चार-पाच दिवसांवरून दोनवर आला, आता तिथेच आहे. रुग्णालयाच्या मनोविकार विभागात महिन्यातून एकदा जातो. मेंदूवरचा परिणाम किती भरून येईल हे आत्ताच सांगता येणार नाही असं तिथल्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि त्याला ते आवडलं. ‘ते खोटं बोलले नाहीत.’

गेल्या महिन्यात तो पहिलं पान घेऊन आला. उजव्या रकान्यात तीन ओळी वाढल्या होत्या : पाय. ठेका. मामा जागा देत नाही. डावीकडच्या काही ओळी त्याने खोडल्या होत्या. वेळ जातो, हे खोडलं. पोरं जवळ बसवतात, याच्यावर अर्धी रेघ होती. ‘बाबा दिसतात’ला हात लावला नव्हता, आणि मी त्याबद्दल विचारलं नाही. वडिलांबद्दल तो अजून माझ्याशी बोललेला नाही. त्याला बोलायचं असेल त्या दिवशी मी तिथे असेन, एवढंच त्याला सांगून ठेवलं आहे.

भूक, थंडी, झोप आणि उंदीर या चार ओळी तशाच्या तशा आहेत. त्या खोडणं त्याच्या हातात नाही. जेवणाची सोय अभ्यासिकेत रात्री आठला झाली आहे. झोपण्यासाठी जागा शोधतोय. मामाच्या पार्टीवाल्यांची वाद्यं ठेवायची एक खोली आहे, दाराला कडी आहे, उंदीर नाहीत. मालक भाड्याचं काय ते बोलायला रविवारी येणार आहेत.